जोखीम कोणाची?

‘आमच्या जिवाचें आम्ही पाहून घेऊं, तुम्ही त्यांत पडूं नका,’ हें वाक्य आपल्याकडे फार वेळां ऐकूं येतें, आणि ऐकणारा बहुधा त्यापुढें निरुत्तर होतो. पूर आलेल्या नदींत गाडी घालणारा तें म्हणतो, वैद्यानें सांगितलेलें पथ्य मोडणारा रोगी तें म्हणतो, आणि कमरेला दोर न बांधतां परांचीवर चढणारा गवंडीहि तेंच म्हणतो. या वाक्याच्या पाठीशीं नुसता हट्ट आहे असेंहि नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला त्यांत, ज्या कृत्याचा परिणाम करणारापुरताच आहे त्या कृत्यांत समाजानें बळजबरीनें हात घालूं नये, असा सिद्धांत मांडला. आणि आगरकरांच्या पिढीपासून मराठी वाचकाला हा विचार इतका परिचित झाला आहे कीं, तो कोठून आला हेंहि आपण विसरून गेलों आहों. सिद्धांत आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, ‘करणारापुरताच’ या शब्दाची हद्द कोठें संपते, आणि ती ठरवावयाची कोणीं?

हा प्रश्न दिवाणखान्यांत बसून सोडवूं गेल्यास त्याला हजार फांटे फुटतात. म्हणून आम्ही तो जमिनीच्या पोटांत नेऊन पाहणार आहों. भूमिगत खाणींत खडक फोडण्यासाठीं जीं स्फोटक द्रव्यें लागतात तीं कोठें ठेवावीं, किती ठेवावीं व कोणाच्या हवालीं करावीं, हा वरवर पाहतां केवळ इंजिनियरांचा व सरकारी तपासनिसांचा विषय आहे. साहित्याच्या मासिकांत त्याला जागा कशाला, असें कोणी विचारील. परंतु जेथें हवा एक, वाट एक आणि अंधारहि सर्वांचा एक, तेथें ‘माझी जोखीम’ या शब्दांचा जसा कस लागतो तसा इतरत्र क्वचितच लागत असेल. शिवाय हा विषय मराठी वाचकाला अगदींच परका नाहीं. नागपूर-भंडारा भागांत मँगनीजच्या व चंद्रपुराकडे कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत, आणि स्फोटक द्रव्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचें मुख्य ठाणेंहि नागपुरासच आहे.

खाणींत दारूचा प्रवेश तसा अलीकडचा. त्यापूर्वीं खडकाला जाळ लावून तो तापवावा, पाणी ओतून तडकवावा, आणि मग पहारींनीं व छिन्न्यांनीं फोडावा, अशी रीत होती. युरोपांत खाणींत दारूनें खडक फोडल्याची एक अगदीं जुनी नोंद १६२७ सालची, हल्लींच्या स्लोव्हाकियांतील बान्स्का श्ट्याव्हनित्सा येथील आहे. पुढें दोनशें वर्षें काळ्या दारूचेंच राज्य चाललें. १८६४ सालीं स्टॉकहोम येथें हेलेनेबोर्गच्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरिनचा स्फोट होऊन आल्फ्रेड नोबेलचा धाकटा भाऊ एमिल व आणखी चौघे मरण पावले; आणि १८६७ सालीं नोबेलनें तेंच द्रव्य एका सच्छिद्र मातींत जिरवून डायनामाइटचें पेटंट घेतलें. या मातीनें त्या द्रव्याला झोंपविलें म्हणावयास हरकत नाहीं. त्याला जागें करण्यासाठीं नोबेलनेंच निराळी टोपी काढली होती. तिला आज खाणींत सर्वजण डिटोनेटर म्हणतात. झोंपलेली कांडी एकीकडे आणि जागें करणारी टोपी दुसरीकडे, ही फारकत म्हणजेच दारूकोठाराच्या सर्व शास्त्राचा पाया होय.

येथें सुरुंग हा आपला शब्दच पाहावा. भुयारालाहि आपण सुरुंग म्हणतों आणि खडक फोडण्यासाठीं दारू ठासलेल्या छिद्रालाहि सुरुंगच म्हणतों. वाट आणि वाट उडवून देणारी शक्ति यांत भेद करण्याची भाषेला गरज वाटलेली दिसत नाहीं. खाणींत मात्र हा भेद करण्यांतच सर्व शहाणपण आहे.

इंग्लंडांत १८८७ च्या कोळसाखाणींच्या कायद्यानें तें शहाणपण फार थोड्या शब्दांत सांगितलें होतें. स्फोटक द्रव्य खाणींत सांठवूं नये. आंत न्यावयाचें तें काडतुसांच्या रूपानें, बंद डब्यांतून, व एका डब्यांत पांच पौंडांहून अधिक नसावें. आणि एका कामगारानें एका जागीं एका वेळीं असा एकच डबा वापरांत ठेवावा. आपल्याकडे १९५७ सालीं कोळशाच्या खाणींसाठीं जे नियम झाले त्यांत पौंडांच्या जागीं किलो आले, पण आंकडा पांचचाच राहिला, आणि डिटोनेटर व कांड्या एका डब्यांत घालण्याची मनाई स्पष्ट शब्दांत करण्यांत आली. धातूंच्या खाणींसाठीं १९६१ सालीं झालेल्या नियमांत मुख्य तपासनिसाच्या लेखी संमतीवांचून जमिनीखालीं कोठार करतां येणार नाहीं असें ठरलें. कोठाराची किल्ली कोणाजवळ असावी, माल कोणाच्या सहीनें द्यावा, उरलेला कसा परत घ्यावा, कोणत्या वहींत मांडावा, हें सर्व असल्या नियमांत इतक्या बारकाईनें लिहिलेलें असतें कीं, वाचणारास कंटाळा यावा.

हा कंटाळवाणेपणा कशासाठीं? एखादा कामगार आपल्या जबाबदारीवर दोन कांड्या अधिक जवळ बाळगूं म्हणाला, तर त्याला आडकाठी कां? तो कांहीं अजाण बालक नाहीं. या प्रश्नाचें उत्तर नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां एका शरीरशास्त्रज्ञानें अधिक चांगलें दिलें आहे. १८९६ च्या जानेवारींत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ५७ माणसें मेलीं. स्फोटांत माणसें भाजून व आदळून मरतात असा तोंपर्यंतचा सर्वसाधारण समज होता. जॉन स्कॉट हाल्डेन यानें या व अशा इतर अपघातांतील मृत्यूंची कारणें शोधून त्याच वर्षीं अहवाल दिला, आणि त्यांतून असें दिसून आलें कीं, बहुसंख्य माणसें कार्बन मोनॉक्साइड या वायूनें मेलीं होतीं. कित्येक तर स्फोटाच्या जागेपासून बरींच दूर होतीं. ज्या हवेवर त्यांचा जीव होता तिनेंच तो विषारी वायु त्यांच्यापर्यंत आणून पोंचविला. चिलीमधील एल् तेनिएन्ते या तांब्याच्या खाणींत १९ जून १९४५ रोजीं तर खडकांत कोठें स्फोटहि व्हावा लागला नाहीं. खाणीच्या तोंडाकडे लागलेल्या आगीचा धूर हवेच्या ओढीनें आंत शिरला आणि ३५५ माणसें गुदमरून मेलीं.

उघड्या माळावर विहीर खणणाऱ्या एकट्या वडाराला ‘माझी जोखीम’ हे शब्द कदाचित् शोभतील. खाणींत उतरलेल्या माणसाला ते शोभत नाहींत. कारण तेथें त्याच्या श्वासावर त्याची एकट्याची मालकी नाहीं. त्यानें खांबाआड लपविलेल्या दोन कांड्या पुढच्या पाळीच्या अनोळखी माणसाच्याहि होतात, आणि त्या माणसाला कोणीं विचारलेलें नसतें. मिलचा सिद्धांत येथें खोटा ठरला असें नव्हे. तो येथें लागूच पडत नाहीं, कारण करणारापुरतें असें कृत्यच खाणींत फारसें शिल्लक राहत नाहीं.

तथापि एक प्रामाणिक अडचण आहे, व ती डोळ्यांआड करणें योग्य होणार नाहीं. दारू खाणींत ठेवूंच नये हा नियम दिसावयास सर्वांत निर्धोक. पण खाण खोल असली, आणि कामाची जागा पिंजरा उतरतो तेथून मैलभर किंवा अधिक आंत असली, म्हणजे प्रत्येक पाळीला दारू वरून खालीं आणावी लागते व उरलेली पुन्हां वर न्यावी लागते. पिंजऱ्यांतून, रुळांवरील डब्यांतून, विजेच्या तारांखालून जाणारी दारू ही भिंतीआड स्वस्थ पडलेल्या दारूपेक्षां कमी भयंकर नसते. वाट जितकी लांब तितका ती टाळण्याचा मोहहि मोठा. आणि मग मोठें कोठार वर असलें तरी लहान लहान चोरटीं कोठारें खालीं आपोआप तयार होतात. म्हणून खालीं कोठार करूं द्यावें पण अटी घालून, हा मार्ग अनेक देशांनीं धातूंच्या खाणींपुरता स्वीकारला आहे, व तो आम्हांस सयुक्तिक वाटतो. पूर्ण मनाई ही नेहमींच अधिक नीतिमान् असते असें मानणें हा आळस आहे.

या अटींपैकीं अमेरिकेच्या नियमांतील एक अट आम्हांस विशेष विचार करण्यासारखी वाटते. मुख्य कोठार कामाच्या जागेपासून व पिंजऱ्याच्या विहिरीपासून निदान दोनशें फूट दूर असावें, त्यावरचा खडक पक्का असावा, तें वाहनांच्या वाटेंत नसावें, इत्यादि गोष्टी तर तेथें आहेतच. पण त्यांबरोबर असेंहि म्हटलें आहे कीं, कोठाराला आग लागली किंवा तें उडालें तरी त्यामुळें खाणींतून बाहेर पडण्याची वाट बंद होतां कामा नये. या अटीच्या मागचा विचार पाहण्याजोगा आहे. कोठार उडणार नाहीं अशी काळजी घ्या, एवढें सांगून ती थांबत नाहीं. सर्व काळजी घेऊनहि तें एक दिवस उडेल असें ती धरून चालते, आणि त्या दिवशीं जे आंत असतील त्यांचा आजच विचार करावयास लावते. मनुष्याच्या सद्गुणांची परीक्षा बहुधा त्याच्या यशावरून होते. आपण चुकलों तर इतरांचें काय होईल याची तजवीज आधीं करून ठेवणें हा गुण मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या यादींत कोठें सांपडत नाहीं. पूर्वीच्या काळीं त्याला दूरदृष्टि म्हणून सोडून देत. आम्हांस ती दूरदृष्टीपेक्षां नम्रता अधिक वाटते.

ही नम्रता नसली म्हणजे काय होतें याचें सर्वांत मोठें उदाहरण इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यांत आहे. फॉल्ड या गांवाजवळ जिप्समच्या जुन्या खाणी होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांतील एका भागांत ब्रिटिश विमानदलानें बाँबगोळ्यांचें भूमिगत कोठार केलें. जवळच जिप्समचें काम चालूच होतें, वर शेतें होतीं, गुरें चरत होतीं. २७ नोव्हेंबर १९४४ रोजीं सकाळीं अकरा वाजून गेल्यावर या कोठारांतील साडेतीन ते चार हजार टन स्फोटकें एकदम उडालीं. एक सबंध शेतवाडी, माणसें, घर व गुरें यांसह, नाहींशी झाली. पाण्याच्या सांठ्याचा बंधारा फुटून चिखल व पाणी यांचा लोंढा जिप्समच्या कारखान्यावर आला. सुमारें सत्तर माणसें मेलीं. कित्येकांचीं प्रेतेंहि सांपडलीं नाहींत. तेथें सुमारें शंभर फूट खोल व दोनशें यार्डांहून अधिक रुंद असा जो खळगा पडला तो आजहि पाहावयास मिळतो.

चौकशी झाली, पण कारण लोकांपुढें येण्यास १९७४ साल उजाडावें लागलें. तें कारण असें दिसतें कीं, एक माणूस जिवंत बाँबमधून डिटोनेटर काढीत असतां लाकडी पट्टीऐवजीं पितळी छिन्नी वापरीत होता. एवढें वाचून पुष्कळांचें समाधान होतें. दोषी सांपडला, आणि तो तर मेला! आमचें मात्र त्यानें समाधान होत नाहीं. दारूकोठारांत लोखंडाचीं हत्यारें वर्ज्य असतात, कारण त्यांनीं ठिणगी पडते. पितळ हें त्या मानानें सौम्य समजलें जातें. तेव्हां छिन्नी हातांत घेतांना त्या माणसाला आपण निष्काळजीपणा करतों आहों असें वाटलेंहि नसेल. कदाचित् आपण सावध आहों असेंच वाटलें असेल. शिवाय त्या वेळीं तेथें अनुभवी माणसांची चणचण होती, व्यवस्थापकाची एक जागा बराच काळ रिकामीच पडली होती, आणि या कामाची माहिती नसलेले इटालियन युद्धकैदी खाणींत कामाला लावलेले होते. पट्टी लाकडाची असावी असें नियमांत लिहून ठेवणें सोपें. ती पट्टी त्या माणसाच्या हाताशीं आहे कीं नाहीं हें पाहणारा कोणी तेथें नेमलेला नसेल, तर तो नियम कोणीं मोडला म्हणावयाचा?

या भयंकर प्रसंगांत एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. कोठाराचे भाग मध्यें खडकाच्या जाड भिंती राखून पाडलेले होते, आणि त्यामुळें त्याचा बराच भाग उडाला नाहीं. पुढें १९६६ पर्यंत तो वापरांतहि होता. म्हणजे ज्यानें कोणी मूळच्या आराखड्यांत त्या भिंती राखल्या, त्यानें किती माणसें वांचविलीं हें त्याला कधींच कळलें नसावें. आणि ज्यांचे प्राण वांचले त्यांनाहि त्याचें नांव ठाऊक नाहीं.

अननुभव वाईट खरा. पण अनुभवहि कमी वाईट नाहीं. जर्मनींतील ओप्पाउ येथील कारखान्याची गोष्ट खाणीची नव्हे, पण ती येथें सांगणें अवश्य आहे. तेथें खतासाठीं केलेलें अमोनियम नायट्रेट व अमोनियम सल्फेट यांचें मिश्रण कोठारांत सांठवीत. तें दगडासारखें घट्ट होई, आणि कुदळीनें खणूं गेल्यास ढीग अंगावर कोसळण्याची भीति असे. म्हणून कामगार त्यांत डायनामाइटचे लहानसे सुरुंग लावून तें मोकळें करीत. म्हणजे ही रीत निघाली तीच मुळीं सुरक्षिततेसाठीं! असे सुरुंग सुमारें वीस हजार वेळां लावले गेले व कांहींहि झालें नाहीं, असें सांगतात. २१ सप्टेंबर १९२१ रोजीं सुमारें साडेचार हजार टनांचा तो सांठा उडाला आणि पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. वीस हजार वेळां कांहीं झालें नाहीं, हा त्या लोकांच्या दृष्टीनें पुरावा होता. प्रत्येक खेपेनें त्यांना थोडें थोडें शिकविलें, आणि जें शिकविलें तें खोटें होतें. आपण व्यवहारांत अनुभवाला गुरु म्हणतों. हा गुरु ज्या धड्यांची फी रोजच्या रोज घेतो ते धडे उत्तम शिकवितो. पण जेथें तो वर्षानुवर्षें फुकट शिकवून सगळी फी एका दिवशीं मागतो, तेथें त्याच्यापेक्षां कंटाळवाणें नियमांचें पुस्तक बरें.

डायनामाइटच्या पहिल्या पन्नास वर्षांत थंड देशांतील खाणकामगारांच्या बाबतींत हेंच घडत होतें. नायट्रोग्लिसरिन आपल्याकडच्या हिंवाळ्यांतल्या थंडींतहि गोठूं लागतें. गोठलेली कांडी नीट उडत नाहीं, म्हणून ती ऊब देऊन मऊ करावी लागे. गरम पाण्याचीं दुहेरी भांडीं त्यासाठीं मुद्दाम केलेलीं असत. पण भांडें आणावयास जावें लागे, शेगडी जवळ असे. शेगडीवर ठेवलेली कांडी पुष्कळ वेळां निमूटपणें मऊ होई; आणि ज्या दिवशीं ती निमूट राहत नसे त्या दिवशीं सांगावयास कोणी उरत नसे. न गोठणारीं मिश्रणें निघालीं तेव्हां कोठें हे मृत्यु थांबले. उपदेशानें ते थांबले नव्हते, हें उपदेशकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

यावरून आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. नियम मोडणारा मनुष्य बेफिकीर असतो, त्याला शिस्त लावली पाहिजे, असें वर्तमानपत्रांतून प्रत्येक अपघातानंतर लिहून येतें. शिस्तीविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण कामगार कांड्या लपवितो कां, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे. पेन्सिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींत १९०० सालीं जो मोठा संप झाला त्यांत एक गाऱ्हाणें दारूच्या किंमतीचें होतें. कामगाराला दारू स्वतःच्या पैशानें, आणि तीहि मालकाकडूनच, घ्यावी लागे. आणि दीड डॉलरच्या आसपास किंमतीचें पिंप त्याला पावणेतीन डॉलरांना पडे. ज्या वस्तूसाठीं माणसानें पोटाला चिमटा घेऊन पैसे मोजले ती तो सहजासहजीं दुसऱ्याच्या कोठारांत परत करील काय? तो ती घरीं नेई, कोपऱ्यांत ठेवी, व चुलीपासून दूर ठेवली म्हणजे आपण पुरेशी काळजी घेतली असें समजे. त्याच्या बायकोमुलांनीं ही जोखीम पत्करली होती काय, हा प्रश्न त्या काळच्या मालकांना सुचल्याचें दिसत नाहीं.

हल्लीं आपल्याकडे खाणींतील स्फोटकें मालकाचीं असतात, कामगाराचीं नव्हेत. एवढ्यापुरती सुधारणा झाली आहे. पण वेळेचा हिशेब कोठें कोठें अजून जुनाच आहे. जेथें मजुरी किती टन माल निघाला यावर ठरते, किंवा ठेकेदार आपल्या मुकादमाला तसा तगादा लावतो, तेथें कोठाराकडे जाण्यायेण्याचा प्रत्येक फेरा मजुराच्या ताटांतला घांस काढून घेतो. नियम सांगतो, उरलेली कांडी परत कर. मजुरीचा दर सांगतो, ती येथेंच खांबाआड ठेव, उद्यां कामाला येईल. हे दोन्ही आवाज एकाच मालकाचे असतात. पण एक कागदावर असतो आणि दुसरा पोटांत. अपघात झाल्यावर चौकशींत कागदच पुढें येतो, आणि कामगारानें जाणूनबुजून नियम मोडला असा निकाल होतो. ‘त्याची जोखीम होती, त्यानें ती घेतली,’ हें वाक्य आतां मालकाच्या तोंडीं येतें. आरंभीं जें वाक्य स्वातंत्र्याची ढाल म्हणून आलें तेंच येथें दुसऱ्याच्या जिवावर निजणाऱ्याचें पांघरूण झालेलें आहे. आमच्या मतें त्या वाक्याचा खरा धोका हाच. तें स्वतःविषयीं बोलणारा फार तर अविचारी असतो. दुसऱ्याविषयीं बोलणारा बहुधा लाभांत असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, अशानें कामगाराची जबाबदारी अगदींच नाहींशी होते. मग तो मनुष्य राहिला कोठें, तो यंत्राचा एक भाग झाला. हा आक्षेप खोटा नाहीं. पांच कांड्यांचा हिशेब देऊन सहावी लपविणारा कामगार आपल्या सोबत्याशीं प्रतारणा करतो, आणि भुकेचें कारण असलें तरी ती प्रतारणाच राहते. पुढच्या पाळीचा माणूसहि तितकाच भुकेला आहे. जबाबदारी वांटली म्हणजे ती भाकरीसारखी लहान होते, असें आम्हांस वाटत नाहीं. कामगाराची जबाबदारी पूर्ण आणि दर ठरविणाराचीहि पूर्ण, असें म्हणतां आलें पाहिजे. कायद्याला दंडाची वांटणी करावी लागते म्हणून नीतीनेंहि दोषाची वांटणी करीत बसावें असें नाहीं.

याहूनहि बिकट प्रसंग म्हणजे ज्या दारूला धनीच नाहीं तिचा. २०१३ सालीं एक जहाज जॉर्जियाहून अमोनियम नायट्रेट घेऊन निघालें. तें मोझांबिकमध्यें, खाणींसाठीं स्फोटकें करणाऱ्या एका कारखान्याकडे जावयाचें होतें. वाटेंत बैरुत बंदरांत तें अडकून पडलें. माल उतरवून एका गुदामांत ठेवला गेला. आणि सहाएक वर्षें तो तेथेंच राहिला. या मालाचें काय करावें म्हणून जकातीच्या अधिकाऱ्यांनीं न्यायालयाला पत्रांमागून पत्रें लिहिलीं. ४ ऑगस्ट २०२० रोजीं ते २७५० टन उडाले; दोनशेंहून अधिक माणसें मेलीं आणि अर्धें शहर उध्वस्त झालें. पत्र लिहिणारे आपलें कर्तव्य बजावीत होते असें म्हणावयाचें काय? कागदोपत्रीं होय. पण खाणींतील दारूकोठाराचा रखवालदार, ‘धोका आहे असें मीं वर कळविलें होतें,’ एवढें म्हणून मोकळा होत नाहीं. कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला असते. किल्ली कोणाच्याच कमरेला नाहीं अशी व्यवस्था उत्पन्न करणें हें एखादी छिन्नी चुकीची वापरण्यापेक्षां मोठें पाप आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तें करणारा माणूस बोटानें दाखवितां येत नाहीं म्हणूनच तें वारंवार घडतें.

दूर कशाला जावें! मध्य प्रदेशांत झाबुआ जिल्ह्यांतील पेटलावद येथें जिलेटिनच्या कांड्या भर वस्तींतल्या एका इमारतींत सांठविल्या होत्या. १२ सप्टेंबर २०१५ रोजीं सकाळीं त्या उडाल्या, आणि शेजारच्या खाणावळींत चहाफराळाला आलेल्या माणसांसह सत्तरांहून अधिक जण मेले. विहिरी व दगडखाणी यांसाठीं लागणाऱ्या अशा कांड्यांचा सांठा वस्तीपासून दूर, परवान्याच्या कोठारांत करावा हें आपल्याकडे १८८४ च्या कायद्यापासून चालत आलें आहे. चहा पिणाऱ्यांना तो कायदा ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि भिंतीपलीकडे काय आहे हें तर नव्हतेंच नव्हतें. मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं ज्या जहाजानें हाहाकार केला त्यावर कापसाच्या गांठी व स्फोटकें एकत्र भरलीं होतीं, हें आमच्या वाचकांस माहीत असेलच. तेथेंहि बंदरावरच्या हमालाला जहाजाच्या पोटांत काय आहे हें कोणीं सांगितलें नव्हतें. जोखीम ‘घेतली’ असें म्हणण्यासाठीं ती आधीं दाखविलेली असावी लागते.

आतां पुन्हां त्या खाणींतल्या कोठाराकडे वळूं. पाळी संपतेवेळीं त्याच्या खिडकीशीं जें चालतें तें पाहण्यासारखें कांहींच नसतें. सुरुंगवाला डबा पुढें करतो. रखवालदार कांड्या मोजतो, टोप्या निराळ्या मोजतो, वहींत आंकडा लिहितो, दोघे सही करतात, आणि कांड्या एका दारानें व टोप्या दुसऱ्या दारानें आंत जातात. मागें रांग असते. माणसें थकलेलीं असतात, पिंजऱ्याची घंटा झालेली असते. हें काम चोख झालें तर त्याचें फळ म्हणून दाखवितां येईल असें दुसऱ्या दिवशीं कांहींच नसतें, आणि वीस वर्षें चोख झालें तरी नसतें. असें काम माणसाकडून रोज करून घ्यावयाचें असेल तर त्याच्या सद्बुद्धीला हांक मारावी हें ठीकच आहे. पण त्या रांगेंत जो वेळ जातो तो पाळीच्या तासांत धरून त्याचा रोज द्यावयाचा, कीं पाळी संपल्यावर ज्यानें त्यानें आपल्या वेळांतून काढावयाचा, हें त्या खिडकीशीं ठरत नाहीं. तें वर, उजेडांत, खाणीच्या कचेरींत ठरतें.